टिनावरची माकडं आणि ईएमडीआर : नऊ महिन्यांनंतर

आमच्या गावात माकडांचा भारी त्रास आहे. दुपारी कळप आला की टिनांवरून धडाधड उड्या मारत जातो. सगळ्यांना त्याची सवय, मलाही होती. पण गेलं वर्षभर टिन वाजलं की माझा पाय शिलाई मशीनच्या पायडलवरून आपसूक उचलला जायचा, हात थंडगार पडायचे आणि मी मुलाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. तो शाळेत गेलेला असला तरी.

मुलगा आता सोळाचा आहे. सातवीपासून त्याचं बिनसत गेलं. शाळा बुडवणं, फोडाफोडी, मग दोन-दोन दिवस घरी न येणं. मागच्याच्या मागच्या तान्ह्या पोळ्याला पैशावरून भांडण झालं आणि त्याने मला टिनाच्या दारावर ढकललं. डोक्याला तीन टाके पडले. टाके आठ दिवसांत निघाले, तो आवाज मात्र कानातून जाईना.

मधल्या काळात लिंबू उतरवून झाले, 'बाहेरचं असंल' ऐकून झालं. एका समुपदेशकाने अर्ध्या तासात सांगितलं की आईने लाड केले. घरच्या मंडळींचं म्हणणं, आई फार कडक. शेवटी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असल्याचं सांगितलं, औषध सुरू केलं. निघताना त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्हाला झोप लागते का?" दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिथेच रडले. त्यांनीच एका मॅडमचा पत्ता दिला, ज्या मनावरच्या आघातावरचा ईएमडीआर नावाचा उपचार करतात.

माझ्या नवऱ्याला, यांना, काही पटलं नाही. "पोट्टा बिघडला न् उपचार मायले?" मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. मी गेले ती झोपेची गोळी मिळेल म्हणून.

गोळी मिळाली नाही. आधी पाच वेळा नुसती तयारीच झाली आणि त्याचा मला राग यायचा. सातशे रुपये मोजायचे, दीड तास एसटीत बसायचं आणि तिथे जाऊन काय, तर पाय जमिनीला टेकवून श्वास मोजायचा, डोळे मिटून मनातली एखादी सुरक्षित जागा शोधायची. (माझी जागा म्हणजे माहेरच्या विहिरीजवळचं चिंचेचं झाड. ते तोडून बारा वर्षं झाली, पण मॅडम म्हणाल्या, चालेल.) घरात मारहाण अजून चालू असेल तर जुनी जखम उघडत नाहीत, आधी घर सुरक्षित करतात, हे मला नंतर कळलं. त्या पाच खेपांमध्येच आम्ही फवारणीची औषधं घरातून हलवून शेतातल्या कोठीत कुलपात ठेवली, विळे-कोयते तिकडेच नेले. कोणत्या क्षणी शेजारच्या काकूंना हाक मारायची, हेही ठरवून कागदावर लिहिलं. खरं सांगायचं तर पैसे तिथेच वसूल झाले.

सहाव्या वेळेपासून खरं काम सुरू झालं. त्या रात्रीचं सगळ्यात वाईट चित्र डोळ्यांपुढे आणायचं, त्याबरोबर स्वतःबद्दल मनात येणारं वाक्य सांगायचं (माझं होतं : 'मी आई म्हणून नापास'), त्रास शून्य ते दहात किती ते सांगायचं. मी दहा सांगितले. मग मॅडम दोन बोटं डावीकडून उजवीकडे नेतात आणि आपण मान न हलवता नजरेने त्यामागे जायचं. मला चक्कर यायची, म्हणून पुढे त्यांनी दोन्ही हातांच्या पंजांवर आलटून पालटून टिचक्या मारायला सुरुवात केली. थोड्या वेळाने थांबून विचारतात, "आता काय येतंय?" जे येईल ते सांगायचं, बस. गावात याला 'डोळे फिरवायचा मंत्र' म्हणतात. मंत्र नाही, संमोहनही नाही. आपण पूर्ण शुद्धीत असतो, बाहेरचा हॉर्नही ऐकू येतो.

ही पद्धत १९८७ मध्ये फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुरू केली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या त्रासासाठी तिची शिफारस केली. गुण डोळे फिरवल्याने येतो की आठवण सुरक्षित जागी पुन्हा उघडल्याने, यावर जाणकारांमध्ये अजून वाद आहे. मला त्या वादाशी देणंघेणं नाही.

सातव्या की आठव्या वेळी भलतंच निघालं. टिनाचं दार मनात आणलं तर दिसलं माहेरचं दार. रात्री बाप पिऊन यायचा तेव्हा तसंच वाजायचं. माहेर वर्धा जिल्ह्यातलं, म्हणजे कागदोपत्री दारूबंदीचं. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन, धाकट्या भावाला घेऊन कोठीमागे लपायचे. मुलगा रागात आला की मी चाळिशीची बाई राहतच नव्हते, कोठीमागची पोर व्हायचे. कधी किंचाळायचे, कधी दगड व्हायचे, आणि दोन्हीने तो आणखी पेटायचा. त्या दिवशी परतीच्या गाडीत इतकी गाढ झोपले की थांबा मागे गेला, कंडक्टरने पुढच्या फाट्यावर उतरवलं.

यातून मुलगा सुधारतो असं समजू नका. त्याचं औषध आणि त्याचा समुपदेशक वेगळे आहेत, आणि दोन्हीकडे तो मनात असेल तर जातो. डिसेंबरात त्याने थर्मास फोडला. फरक इतकाच की मी पाय टेकवले आणि म्हणाले, "मी ओसरीत बसते, दहा मिनिटांनी बोलू." तो मागून आला आणि म्हणाला, "कायले चालली, बोल ना." बोलणं काही झालं नाही, पण दुसरी वस्तूही फुटली नाही. आता तान्ह्या पोळ्याच्या चित्राला मी दोन गुण देते. टिन वाजलं तर कधी कधी साडीचा फॉल पूर्ण लागल्यावर लक्षात येतं की मघाशी माकडं येऊन गेली.

तक्रारीही आहेत. सतरा वेळांचे ११,९०० झाले. आमच्या इथल्या व्यापाऱ्याच्या ६,८०० च्या भावाने पावणेदोन क्विंटल कापूस. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून जमलं, नाहीतर अर्ध्यातच सोडलं असतं. सुरुवातीचे दोन महिने स्वप्नं जास्त पडतात, चिडचिड वाढते. हे मला आधी सांगितलं होतं, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं. उपचाराच्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्या कोणावर सोपवता आला तर बघा. वेचणीच्या दिवसांत तीन आठवडे जाता आलं नाही, फोनवर प्रयत्न केला तर गावात रेंज नाही. आणि हे अजून एकदाही सोबत आले नाहीत. मॅडमनी तीनदा बोलावलं.

रात्री-बेरात्री फारच झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा नंबर आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात. मी एकदा रात्री दोनला लावला होता, मुलगा घरातून निघून गेला होता त्या रात्री. पलीकडच्या ताईने घाई केली नाही.

आता महिन्यातून एकदाच जाते. पुढची वेळ गुरुवारची आहे. त्याच दिवशी तुरीला थ्रेशर येणार होतं, थ्रेशरवाल्याला शुक्रवारचं सांगितलंय.