मॅच एअर रायफल, आठ महिन्यांनंतर: रायफल उत्तम, प्रेशर गेज चुकीच्या टोकाला

रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात ते हे की बॅरलच्या तोंडासमोर काही आणायचं नाही, स्वतःचं डोकं तर नाहीच. आणि १० मीटर नेमबाजीच्या या रायफलीचं, जी सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालते, प्रेशर गेज (हवेचा दाब दाखवणारा काटा) बसवलंय कुठे? सिलिंडरच्या पुढच्या टोकाला, थेट बॅरलच्या तोंडाखाली, टार्गेटकडे तोंड करून. हवा किती उरली हे बघायचं तर बंदुकीच्या तोंडाकडेच जायला हवं. कित्येक मॅच रायफलींची हीच तऱ्हा, त्यामुळे एकाच कंपनीवर राग काढण्यात अर्थ नाही. पण राग येतो.

फायरिंग लाइनवर उभं असताना पुढे डोकावता येत नाही आणि डोकावूही नये. बोल्ट (छर्रा भरायची कळ) उघडायचा, सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी) बॅरलच्या पूर्ण लांबीतून घालायचा, रायफल स्टँडवर किंवा केसमध्ये आडवी ठेवायची, मग बाजूने मान वाकडी करून तो शर्टाच्या बटणाएवढा काटा वाचायचा. साहजिकच कोणी वाचत नाही.

सातव्या महिन्यात त्याचा हिसका बसला. साठ शॉटच्या मालिकेत चाळिसाव्या शॉटनंतर ग्रुप (टार्गेटवरचा शॉटचा पुंजका) खाली सरकायला लागला. आडवा फैलाव नेहमीएवढाच, उभा मात्र वाढलेला. अशा वेळी छर्ऱ्यांच्या नव्या डब्यापासून दमलेल्या खांद्यापर्यंत सगळ्यांवर संशय जातो. दोष होता हवेचा. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबापेक्षा वर असतो तोवर रेग्युलेटर दर शॉटला सारखीच हवा मोजून देतो. त्याखाली गेला की प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा किंचित मंद. सेकंदाला १७२ मीटरने निघालेला छर्रा १० मीटरवर पोचेपर्यंत साधारण साडेसोळा मिलिमीटर पडतो. वेग १६५ झाला की अठरा. फरक जेमतेम दीड मिलिमीटर, पण दशांश गुणांत दर पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. म्हणजे १०.९ चा, सर्वोच्च गुणांचा शॉट १०.३-१०.४ वर येतो, आणि नेमबाज आपल्या होल्डला (नेम धरून रायफल स्थिर ठेवण्याला) शिव्या देत बसतो.

यात आणखी एक सापळा आहे. खाली जाणारा ग्रुप रिअर साइटला (डोळ्याजवळच्या नेम धरायच्या भागाला) क्लिक देऊन, म्हणजे तिचा स्क्रू टप्प्याने फिरवून, वर उचलता येतो आणि त्या दिवसापुरतं भागतंही. पुढच्या वेळी सिलिंडर भरला की सगळे शॉट वर. साइट बिघडली म्हणून दुरुस्तीला पाठवणारे याच वाटेने तिथे पोचतात. त्यामुळे क्लिक देण्याआधी स्टॉकचे स्क्रू आणि दाब, दोन्ही तपासावेत. स्क्रू ढिला असेल तर शॉट सहसा कुठेही विखुरतात. हवा कमी असेल तर ते ओळीने खाली उतरत जातात.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: गेज अंदाजापुरतंच असतं. बरोबर आहे, एवढ्याशा काट्यात पाच-दहा बार (बार हे दाबाचं एकक) इकडेतिकडे होणारच. मग तो निदान दिसेल अशा जागी तरी ठेवा! सध्याचा उपाय म्हणजे केसच्या झाकणावर चिकटवलेला कागद आणि पेन्सिल. २०० बारला भरल्यावर तारीख, मग दर सत्राचे शॉट. साइटर (मालिकेआधीचे चाचणीचे शॉट) धरून ८० शॉटला या रायफलीत ३० ते ३५ बार जातात. २०० शॉट झाले की काटा काहीही म्हणो, सिलिंडर भरायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तर भरायचाच, कागदावर तीसच शॉट असले तरी.

भरण्याबद्दलचं मत मध्येच बदललं. सुरुवातीला वाटलं होतं, हातपंप पुरे, मोठ्या बाटलीचा खर्च कशाला. पंपाने २०० बार येतो, शंकाच नाही, घामही येतो. पण हवा एवढी दाबली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. पंपाचा वाळवणारा फिल्टर भिजला की ते पाणी सिलिंडरमार्गे रेग्युलेटरपर्यंत पोचतं आणि सील खराब करतं. पंपच वापरायचा असेल तर चार-पाच मिनिटं मारून थांबावं, ब्लीड स्क्रू (दाब सोडायचा स्क्रू) उघडून पाणी काढावं, पंप गार होऊ द्यावा. सील किट आणि कारागिराची मजुरी धरली तर पंपातली बचत उरत नाही. कोरड्या हवेची डायव्हिंगची बाटली बरी. झडप अगदी सावकाश उघडायची, कारण घाईने भरलेला सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर काटा २०० वरून खाली येतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही बोट पुसल्यासारखं. साधं तेल अजिबात नाही. आणि ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, स्फोट होतो.

रिअर साइटबद्दल तक्रार नाही. फ्रंट साइटच्या रिंगबद्दल (बॅरलच्या टोकावरच्या, ज्यात टार्गेटचा काळा गोल बसवायचा त्या कड्याबद्दल) मात्र पहिल्या महिन्यात चुकीचं मत झालं होतं. सोबत आलेली ३.४ मिलिमीटरची रिंग ‘अचूक’ वाटते, कारण काळा गोल तिच्यात घट्ट बसतो. डोळ्यापासून फ्रंट साइट ९० सेंटिमीटर धरली तर टार्गेटचा ३०.५ मिलिमीटरचा काळा भाग त्या जागी साधारण पावणेतीन मिलिमीटर भासतो. म्हणजे चहूबाजूंनी पांढरी कड उरते ती जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. नवशिक्याची रायफल हलतेच. ती कड मिटते-उघडते, डोळा तिच्यामागे धावतो आणि ट्रिगर अडकतो. ४.२ च्या रिंगने कड दुप्पट झाली की मन शांत होतं. ग्रुप रिंगमुळे फुगत नाही, तो होल्ड ताणल्यामुळे फुगतो. आता इथे ४.२ च आहे, आणि ३.४ डबीत.

बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गाल टेकायचा भाग) यांना पहिले दोन आठवडे द्यावेत, गुणांकडे बघूच नये. रायफल डोक्यापर्यंत यायला हवी, डोकं रायफलीकडे वाकायला नको. मान ताठ ठेवून रिअर साइटमधून गोल मधोमध दिसेपर्यंत चीक पीस सरकवायचा. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकायला हवा (हे उजव्या हाताच्या नेमबाजासाठी). मग डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि उघडायचे. रायफल टार्गेटच्या डावी-उजवीकडे गेली असेल तर हाताने ढकलायची नाही, पाय सरकवायचे. होल्ड आठ-नऊ सेकंदांपुढे गेला तर शॉट सोडून द्यायचा. दर बदल कागदावर लिहून ठेवायचा, नाहीतर महिन्यात मूळ जागा कुठे होती तेच कळत नाही.

ट्रिगर छान. ड्राय फायरची (छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याची) सोय हे या रायफलीचं खरं सुख. हवा जात नाही, छर्रे जात नाहीत, आणि रोजच्या सरावाचा मोठा भाग त्यातच उरकतो. उभ्याने मारताना पट्टा नियमाने चालत नाही, तेव्हा कोणी स्लिंग गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. वजन साइटसकट ५.५ किलोच्या आत असावं लागतं; वजनाचे तुकडे लावून झाल्यावर वजनकाट्यावर ठेवून बघा.

छर्ऱ्यांचा मात्र कंजूषपणा करू नये. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०, हे बॅरल ठरवते, डब्यावरची किंमत नाही. रायफल शिकंज्यात धरून प्रत्येक डब्यातले दहा-दहा शॉट एकाच जागी मारून बघावेत. ग्रुप बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सात मिलिमीटरच्या आत राहिला तर तोच लॉट (एकाच खेपेत बनलेले छर्रे) जास्त घेऊन ठेवावा. फेल्टने (नमद्याच्या गोळीने) बॅरल साफ केल्यावर पहिले काही शॉट वेगळे जातात, ते मोजू नयेत. शिसं हाताला लागतं, त्यामुळे खाण्याआधी हात धुवायचे.

जॅकेट जुनं घ्यायला हरकत नाही, पण कापड एकेरीला २.५ मिलिमीटरपेक्षा जाड नसावं, आणि मापाच्या तपासणीत नापास झालेलं जॅकेट कोणी स्वस्तात विकत नाही ना, हे विचारावं. जुन्या रायफलीबरोबर येणाऱ्या सिलिंडरचंही तेच. त्यावर तारीख कोरलेली असते आणि साधारण दहा वर्षांची मुदत असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत तपासणीला अडकू शकतो, आणि त्याची जबाबदारी नेमबाजाचीच. ही तारीख निदान सिलिंडरच्या अंगावर, बाजूला असते, वाचायला पुढे जावं लागत नाही.

पाचपैकी चार तारे. गेज बाजूला हलवलेली नवी आवृत्ती आली तर पाचवा.