चित्रपुस्तकांबरोबर नऊ महिने: साडेचार वर्षांच्या मुलीला वाचायला शिकवतानाचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमची मुलगी साडेचार वर्षांची असताना आम्ही तिच्यासाठी मराठी चित्रपुस्तके नेमाने घ्यायला सुरुवात केली. आज घरात अशी चाळीसेक पुस्तके आहेत. त्यांत पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची आहेत, प्रथम बुक्सची आहेत, आणि काही स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून उतरवून आम्ही घरीच छापून घेतलेली आहेत. डिसेंबरपर्यंत ही सगळी मी किंवा माझ्या सासूबाई वाचून दाखवत होतो. त्यानंतर मुलगी स्वतः अक्षरे लावू लागली आणि त्याच पुस्तकांविषयीचे माझे मत बरेच बदलले.

सुरुवातीला आमचा सगळा भर पातळ्यांवर होता. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर एक ते चार अशी वाचनपातळी दिलेली असते. पहिल्या पातळीत सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द असतात आणि एकूण शब्दसंख्या अडीचशेच्या आत असते. वाचून दाखवण्यासाठी ही विभागणी फार उपयोगी ठरली, कारण मूल किती वेळ एका जागी बसेल याचा अंदाज तिच्यावरून नीट येतो. मूल स्वतः वाचू लागले की मात्र मराठीत शब्दांच्या संख्येवरून किंवा लांबीवरून फारसे काही कळत नाही. ‘गडगडाट’ हा पाच अक्षरांचा शब्द आमच्या मुलीने पहिल्याच फटक्यात, हसत हसत वाचला, आणि ‘सूर्य’ या दोन अक्षरी शब्दापाशी ती कितीतरी दिवस अडत होती. र आधी उच्चारायचा असताना त्याचा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर का बसतो, हे तिला पटत नव्हते. म्हणून आता पुस्तक घेण्यापूर्वी मी दोन पाने उघडून जोडाक्षरे किती आहेत ते पाहते. पानावर एखाददुसरेच असेल आणि तेच पुढे पुन्हा येत असेल, तर ते पुस्तक नवख्या वाचकासाठी उत्तम.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक पडतो तो वाक्याच्या बोलीने. एका गोष्टीत ‘अंगण ओले झाले’ अशा धर्तीचे वाक्य होते. मुलीने ते बिनचूक वाचले, थांबली आणि विचारले, “आई, कोण ओले झाले?” आमच्या घरात अंगण ‘ओलं होतं’; ‘ओले झाले’ हे पावसात भिजून आलेल्या मुलांविषयी म्हणतात. तिने अक्षरे बरोबर लावली होती, आणि तरीही तिच्या मनात भलतेच चित्र उभे राहिले. प्रमाण लेखनात ‘झाले’ हेच रूप योग्य आहे, हा मजकूरही मी त्याच रीतीने लिहीत आहे. परंतु संवादात ‘झालं’, ‘केलं’ ही अनुस्वाराची रूपे लेखननियमांनी मान्य केलेली आहेत, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी लिहिलेली सगळी गोष्ट हा एक संवादच असतो असे मला मनापासून वाटते. ज्या पुस्तकांत ‘फुलं’, ‘पाखरू उडालं’, ‘आजी म्हणाली, ये गं’ अशी भाषा आहे, ती तिने महिन्याभरात एकटीने वाचली. लेखी वळणाची पुस्तके, चित्रे कितीही देखणी असली, तरी अजून आमच्याच मांडीवर बसून वाचली जातात.

कानावर पडलेल्या भाषेचा आधार किती मोठा असतो, हे ‘च’ या अक्षराने दाखवले. ‘चिमणीला चारा’ वाचताना तिने दोन्ही ‘च’ सारखेच उच्चारले. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, “अगं, गाईला काय घालतो आपण?” आणि तिने ताबडतोब स्वतःच उच्चार सुधारला. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतल्या ‘झ’चेही तसेच झाले. हा भेद पुस्तकात छापून दाखवलेला नसतो, आणि मूल मराठी ऐकत वाढत असेल तर त्याची गरजही पडत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी ही पुस्तके मागवणाऱ्यांनी मात्र सोबत मोठ्याने वाचणारे माणूस असेल याची काळजी जरूर घ्यावी.

छपाईविषयी एक तक्रार आहे. एका संचात ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची होती. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ निश्चित केला आहे, बालवाडीत मुलीने तोच गिरवला आहे, आणि त्यामुळे ‘लाल’ हा तिचा लाडका शब्दही तिला त्या पुस्तकात ओळखता आला नाही. मोठ्यांच्या नजरेला हा फरक जाणवतही नाही. त्याच संचाच्या मधल्या पिना दोन महिन्यांत निघाल्या. आता पाने सुईदोऱ्याने शिवली आहेत आणि ती चांगली टिकली आहेत.

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेले मोफत व्यासपीठ आहे, आणि तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्यामुळे छापून घेण्यास काहीच अडचण नाही. पडद्यावर मुलगी चित्रे भराभर सरकवत असे. तीच गोष्ट कागदावर दिली तेव्हा ती बोट ठेवून वाचू लागली. जाड कागदावर छापावे, नाहीतर मागच्या पानावरचे चित्र अक्षरांतून दिसते.

चित्रांविषयी थोडेच सांगते. ज्या चित्रांत गॅसवरचा कुकर, दोरीवरचे कपडे, दाराशी पडलेल्या चपला असे ओळखीचे काही असते, तिथे ती सर्वांत जास्त रेंगाळते, आणि सासूबाई चष्म्याविना त्याच चित्रांवरून रोज वेगळी गोष्ट सांगतात. मागच्या आठवड्यात मुलीने त्यांना थांबवले, ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “आज्जी, इथं तसं नाही लिहिलंय.”