कॉन्टॅक्ट शीटसाठी इल्फर्ड मल्टिग्रेड आरसी: मोठं माप घ्या

कॉन्टॅक्ट शीट म्हणजे फिल्मच्या पट्ट्या थेट फोटो-कागदावर ठेवून सगळा रोल एकाच पानावर छापणं. त्यासाठी मी इल्फर्डचा आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला कागद वापरतो. आधी मापाचं सांगतो, कारण मी तिथेच चुकलो. ३६ फ्रेमांचा ३५ मिलिमीटर फिल्मचा रोल सहा-सहाच्या पट्ट्यांत कापला की सहा पट्ट्या शेजारी शेजारी २१० मिलिमीटर होतात. ८ × १० इंची कागदाची रुंदी २०३. कडेचे फ्रेम नंबर जातात, आणि पट्ट्या स्लीव्हमध्ये (पारदर्शक पाकिटात) असतील तर शेवटची अर्धीच उमटते. मल्टिग्रेड आरसी डीलक्स ९.५ × १२ इंचातही मिळतो. तोच घ्या, ग्लॉसी.

कागद अप्रतिम. १+९ (एक भाग रसायन, नऊ भाग पाणी) डेव्हलपरमध्ये एक मिनिट, फिक्सरमध्ये अर्धं, दोन मिनिटं धुणं. एका संध्याकाळी चार रोल आरामात होतात. मी २ नंबरचा, म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टचा फिल्टर लावतो आणि रिकाम्या फिल्मची कड जेमतेम पूर्ण काळी होईल तेवढाच वेळ सबंध शीटला देतो. एकेका फ्रेमला सांभाळून घेत नाही, त्यामुळे माझं चुकलेलं एक्सपोजर लपत नाही.

आणखीही बरंच लपत नाही. कोल्हापूरच्या एका तालमीतला रोल असाच छापला. पहिल्या ११ फ्रेम दारातूनच, प्रत्येकीत तोच खांब आडवा. आत जायला मी कचरत होतो, हे शीट पाहून कळलं. १२ ते १९ कुस्तीची पकड. फोटो मिळाला, असं हौद्याशी उभा असतानाच वाटलं होतं. लूप (छोटं भिंग) लावला तर आठही फ्रेम एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून. २६ मध्ये कुस्ती सुटलीय, एक पोरगा दुसऱ्याच्या पाठीवरची तांबडी माती झाडतोय. २७ मध्ये लगेच वस्ताद. त्या पोरांकडे मी परत वळलोच नाही. लाल पेन्सिलीची चौकट २६ लाच केली.

अमेरिकन छायाचित्रकार डायान आर्बसची १९६२ ची सेंट्रल पार्कमधली शीट आठवली. खेळण्यातला ग्रेनेड घेतलेला तो मुलगा बाकीच्या फ्रेमांत चारचौघांसारखा, हसतसुद्धा उभा आहे. तिने चेहरा आवळलेली एकच उचलली. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे २७ हजार फ्रेम काढल्या आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात ८३ ठेवल्या. एवढं बाजूला सारायचं धैर्य माझ्यात अजून नाही, पण प्रत्येक रोलची शीट करायला लागल्यापासून निवडताना घाई होत नाही.

कागदाचं नवं पाकीट आणलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा तालमीत जातोय, कुस्ती सुटल्यानंतरच्या वेळेसाठी दहा फ्रेम राखून.