कथासंग्रह स्वतः काढताना: छापील प्रत की ई-बुक?

पुस्तक साधारणपणे १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या पानांच्या संचांत, छापतात. म्हणून मजकूर ११२ किंवा १२८ पानांत बसवला तर कोरी पानं उरत नाहीत. ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईला, काही शे प्रती काढल्या तरच दर परवडतो. डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात, पण प्रत महाग पडते. शिवाय विक्रेत्याचं कमिशन आणि घरात साठणारे गठ्ठे आहेतच. तरीही आपल्या कथा गावच्या वाचनालयात पोचाव्यात असं मनापासून वाटत असेल, तर कागदच हवा.

ई-बुकला गठ्ठे नाहीत, टपालखर्च नाही. दुबईतला मराठी वाचक त्याच दिवशी वाचायला लागतो. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानात, मराठी पुस्तक टाकता येतं. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. मात्र भारतातल्या विक्रीवर ७० हवी असेल तर ई-बुक फक्त किंडलवरच ठेवण्याची अट पाळावी लागते.

खरी अडचण अक्षरजुळणीत असते. युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर अक्षरं ओळखली जावीत यासाठीची प्रमाण पद्धत. अनेक ठिकाणी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम होतं. छपाईला ते उत्तम. ई-बुक करताना मात्र मजकूर रूपांतरित करावा लागतो आणि रफार, जोडाक्षरं बिघडतात. मग सगळं मुद्रितशोधन पुन्हा! पीडीएफही मोबाइलवर वाचवत नाही. म्हणून मी म्हणेन, युनिकोडमध्येच जुळवा, आधी ई-बुक काढा, मग थोड्या प्रती छापा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, पण दोन्ही रूपांसाठी वेगवेगळा घ्या.