पोचपावतीचे एक पान आणि त्यामागे दडवलेले विवरणपत्र

सोलापुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी शिक्षक आहे. आमच्यापैकी बऱ्याच जणांची आयकर विवरणपत्रे नवी पेठेत कार्यालय असलेला एक ‘कर सल्लागार’ भरून देत असे. जून महिन्यात पगार आणि कापलेला कर दाखवणारे फॉर्म १६ हाती पडले की तो स्वतःच शाळेत येई, मधल्या सुट्टीत शिक्षक कक्षात बसून सर्वांचे फॉर्म गोळा करी आणि काही दिवसांनी प्रत्येकाला एका पारदर्शक फाईलमध्ये एक छापील पान आणून देई. या गृहस्थाने माझ्या नावावर सलग तीन वर्षे खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढला आणि त्या रिफंडातून आपला वाटा घेतला. ही सगळी लबाडी त्या एका पानाच्या आड लपून राहिली, म्हणून आधी त्या पानाविषयीच लिहितो.

ते पान म्हणजे विवरणपत्र दाखल झाल्याची पोचपावती; तिला सर्रास आयटीआर-व्ही म्हणतात. त्यावर नाव, पॅन, पत्ता, करनिर्धारण वर्ष (ज्या वर्षी आदल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावरील कर ठरतो ते वर्ष), पंधरा अंकी पोचपावती क्रमांक आणि खाली बारकोड असतो, त्यामुळे ते पाहताच सरकारी आणि पूर्ण वाटते. परंतु आकड्यांच्या रकान्यात एकूण करपात्र उत्पन्न, त्यावरील कर, भरलेला कर आणि भरायची किंवा परत मिळायची रक्कम एवढेच येते. पगार किती दाखवला, कोणत्या कलमाखाली किती वजावट घेतली, घरभाड्याची सूट मागितली का, यातले काहीही त्या पानावर नसते. स्पीड पोस्टाच्या पावतीवरून पाकिटात काय घातले होते हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. मुख्य विवरणपत्र हा अनेक पानांचा स्वतंत्र दस्तऐवज असतो, आणि नेमका तोच दस्तऐवज या माणसाने कोणाच्याही हाती कधी पडू दिला नाही. कोणी विचारलेच तर “सर, बँकेला, सोसायटीला, सगळीकडे हेच पान चालतं” असे त्याचे ठरलेले उत्तर असे.

ते पान बँकेत चालले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जुळे सोलापुरातील सदनिकेसाठी गृहकर्जाचा अर्ज केला, तेव्हा कर्ज विभागातील अधिकाऱ्यांनी माझी तीनही वर्षांची पाने उलटसुलट पाहून सांगितले, “सर, या नुसत्या पोचपावत्या आहेत. पूर्ण फॉर्म आणि कॉम्प्युटेशन आणा.” कॉम्प्युटेशन म्हणजे उत्पन्न, वजावटी आणि कर यांचा ओळीने मांडलेला हिशेब. सल्लागाराकडे मागणी केली, तेव्हा आधी संगणक बिघडल्याचे, मग मुलगा गावी गेल्याचे आणि शेवटी ‘सर्व्हर डाऊन’ असल्याचे कारण पुढे आले. अखेर आधारशी जोडलेल्या माझ्या मोबाईलवर ओटीपी मागवून मी आयकर पोर्टलचा पासवर्ड बदलला आणि दाखल केलेल्या विवरणपत्रांच्या यादीतून पूर्ण फॉर्म उतरवून घेतले.

करनिर्धारण वर्ष २०२३-२४ चे उदाहरण देतो. वजावटींपूर्वी माझे एकूण उत्पन्न ९,२०,००० रुपये होते आणि भविष्य निर्वाह निधी व विम्याचे मिळून बचतीसाठीच्या कलम ८०सी खालचे दीड लाख खरोखर वजावटीस पात्र होते. शाळेने त्याप्रमाणेच ६९,१६० रुपये कर कापला होता. म्हणजे मला एक रुपयाही परत मिळायचे कारण नव्हते. दाखल केलेल्या फॉर्ममध्ये मात्र आणखी तीन ओळी होत्या: कलम ८०डीडी खाली अपंग अवलंबिताच्या संगोपनासाठी ७५,००० रुपये, कलम ८०ई खाली शैक्षणिक कर्जाचे व्याज ९०,००० रुपये आणि कलम ८०जीजीसी खाली राजकीय पक्षाला देणगी ६०,००० रुपये. आमच्या घरात कोणी अपंग नाही, शैक्षणिक कर्ज कोणी काढलेले नाही, आणि राजकीय पक्षाला साठ हजार देण्याइतकी माझी ऐपतही नाही, इच्छाही नाही. या सव्वादोन लाखांच्या जोरावर कर २२,३६० रुपयांवर आणून ४६,८०० रुपयांचा रिफंड काढला गेला. “शाळेने वजावटी नीट धरल्या नव्हत्या, म्हणून जास्तीचा कर कापला गेला होता” असे त्याने त्या वेळी सांगितले होते, आणि रिफंड खात्यावर येताच त्याचे दहा टक्के ‘फी’ म्हणून दुसऱ्याच कोणाच्या तरी यूपीआय खात्यावर मागून घेतले होते.

विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्यानंतर बंगळूरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून कलम १४३(१) खालील सूचनापत्र ई-मेलने येते, आणि त्यात करदात्याने दाखवलेले आकडे व विभागाने काढलेले आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. ते सूचनापत्र मिळाले असते तरी या तीन ओळी पहिल्याच वर्षी नजरेस आल्या असत्या. पण पोर्टलवरील माझ्या प्रोफाईलमध्ये ई-मेल पत्ता मला सर्वस्वी अनोळखी होता आणि मोबाईल क्रमांक त्या सल्लागाराचा होता. विभागाचा प्रत्येक संदेश त्याच्याकडे जात होता आणि तिथेच जिरत होता. ही युक्ती एकट्या आमच्या सल्लागाराची नव्हती, हे पुढे कळले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै २०२५ रोजी देशभरातील १५० ठिकाणच्या पडताळणी मोहिमेची माहिती दिली, तेव्हा अशा मंडळींनी घाऊक विवरणपत्रांसाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडून नंतर ते सोडून दिल्याने करदात्यांना नोटिसाच पोहोचत नाहीत, याचा त्यात स्पष्ट उल्लेख होता.

ओटीपीचे प्रकरणही समजून घेण्यासारखे आहे. विवरणपत्र दाखल केल्यानंतर तीस दिवसांत त्याचे सत्यापन करावे लागते, आणि आधारचा ओटीपी देणे ही कायद्याच्या दृष्टीने करदात्याची सही असते. तो ऐन तासाच्या वेळी फोन करी, “सर, एक नंबर आला असेल, तेवढा सांगा.” सही घेण्याआधी कागद दाखवावा लागतो ही साधी रीत फोनवर चुकवणे त्याला सोयीचे होते. परिणाम असा, की खोटी वजावट त्याने लिहिली तरी विभागाच्या दप्तरी ती माझी ठरते, आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याबद्दल त्यावरील कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद माझ्या डोक्यावर येते.

आमच्या कार्यालयातील लिपिकाची फसवणूक वेगळ्या प्रकारची निघाली. त्यांच्या २०२३-२४ च्या पोचपावतीवरील क्रमांकाचे शेवटचे सहा अंक २८०७२२ असे होते. हे शेवटचे सहा अंक विवरणपत्र दाखल झाल्याची तारीख दाखवतात. म्हणजे ते पान २८ जुलै २०२२ चे, आदल्या वर्षाचेच होते आणि त्यावरचे वर्ष तेवढे बदलून छापले होते. त्या वर्षीचे विवरणपत्र दाखलच झालेले नव्हते. त्यांना खराखुरा थोडा रिफंड मिळायचा होता, पण रिफंड निघत असेल तर अद्ययावत विवरणपत्र (मुदत संपल्यावर जादा कर देऊन भरता येणारे) भरता येत नाही, त्यामुळे त्यांना विलंब माफ करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना असलेल्या माझ्या एका परिचितांकडून तर त्याने “मालक, चलन मी भरून टाकतो” म्हणत कराची रोख रक्कमच नेली आणि बदल्यात चलनाची, म्हणजे कर भरल्याच्या पावतीची, छापील प्रत आणून दिली. चलनावर बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक असे सर्व काही होते. पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, मात्र त्या भरण्याची नोंद कुठेच नव्हती. खरे चलन काही दिवसांत तिथे दिसतेच. न दिसल्यास हातातल्या प्रतीला रद्दीइतकीच किंमत आहे.

आता मी ज्या सनदी लेखापालांकडे जातो, त्यांच्याकडून कामाबरोबर काय मिळते ते लिहितो, कारण कोणाकडूनही एवढे मिळालेच पाहिजे असे माझे मत झाले आहे. विवरणपत्र दाखल करण्यापूर्वी ते कॉम्प्युटेशन देतात आणि प्रत्येक वजावटीसमोर ती कोणत्या कागदाच्या आधारे धरली याची नोंद असते. ते वाचून मी होकार दिल्यावरच ओटीपीचा विषय निघतो. त्यासोबत फॉर्म २६एएस (माझ्या नावावर कापलेल्या कराचा विभागाकडील तक्ता) आणि एआयएस यांच्या प्रती असतात, जेणेकरून बँकेचे व्याज किंवा अन्य उत्पन्न राहून गेले का हे मलाही ताडून पाहता यावे. दाखल केल्यानंतर पूर्ण फॉर्म, सत्यापनाची नोंद असलेली पोचपावती, कर भरला असल्यास चलन, आणि पुढे सूचनापत्र आले की त्याची प्रत मिळते. माझे मूळ कागद परत मिळतात. शेवटी त्यांच्या नावाचे, सदस्यत्व क्रमांकाचे आणि ठरावीक शुल्काचे बिल मिळते. या सर्वांत मला सर्वाधिक महत्त्व बिलाचे वाटते. रिफंडाच्या टक्केवारीत फी मागणारा माणूस असे बिल देऊच शकत नाही, कारण रिफंड फुगवण्यातच त्याचा फायदा असतो. पोर्टलवर ई-मेल आणि मोबाईल माझाच आहे आणि पासवर्ड माझ्याकडे आहे, हे वेगळे सांगायला नको.

‘कर सल्लागार’ अशी पाटी लावायला आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. २००६ च्या योजनेतील अधिकृत कर विवरणपत्र तयारकर्त्यांचा ओळख क्रमांक लिहिण्याची जागा फॉर्ममध्ये असते, पण इतरांनी ती कोरी सोडली तरी कोणी अडवत नाही. अमेरिकेत पैसे घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्याला त्यावर स्वतःची सही व नोंदणी क्रमांक घालावा लागतो आणि ग्राहकाला पूर्ण प्रत देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. इथे ती मागण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

माझ्यापुरते सांगायचे तर २०२४-२५ चे विवरणपत्र मुदतीत सुधारून रिफंड व्याजासह परत केला. आधीच्या दोन वर्षांची अद्ययावत विवरणपत्रे ३१ मार्च २०२५ पूर्वी भरली, आणि कर व व्याज यांच्या बेरजेवर २०२३-२४ साठी २५ टक्के व २०२२-२३ साठी ५० टक्के जादा कर भरावा लागला. सल्लागाराला दिलेले दहा टक्के अर्थातच बुडाले. पोलिसांकडे आम्ही एकत्रित अर्ज दिला आहे, परंतु त्याला जोडण्यासाठी त्याच्या सहीचा एकही कागद कोणाकडे नाही. पोर्टलवरून काढलेले फॉर्म आणि यूपीआयच्या नोंदी एवढाच पुरावा आहे. त्याच्या कार्यालयाला कुलूप आहे.

ज्यांनी त्याच्याकडून किंवा अशाच कोणाकडून विवरणपत्रे भरून घेतली असतील, त्यांनी नोटिशीची वाट न पाहता पोर्टलवरून मागील सर्व वर्षांचे पूर्ण फॉर्म काढून वजावटींचा तक्ता वाचावा. २०२५ च्या वित्त कायद्याने अद्ययावत विवरणपत्राची मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिने केली आहे, म्हणजे २०२२-२३ साठी ती ३१ मार्च २०२७ पर्यंत आणि २०२३-२४ साठी ३१ मार्च २०२८ पर्यंत जाते. मात्र तिसऱ्या वर्षी जादा कर ६० टक्के आणि चौथ्या वर्षी ७० टक्के आहे.