६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस आणि घरातला सर्व्हर : फोंड्यात अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आधी वाईट ते सांगतो. या यूपीएसला यूएसबी पोर्ट नाही आणि बीप बंद करायचं बटण नाही. बॅटरी, वॉरंटी, सर्व्हिस सेंटरचा तमाशा, सगळं पुढे येईलच. पण सर्व्हरसाठी घेणार असाल तर यूएसबीचं वाक्य दोनदा वाचा. त्या एका नसलेल्या भोकाने या पावसाळ्यात माझं डोकं खाल्लंय.

आमच्या नाट्यमंडळाचं सगळं घरच्या सर्व्हरवर चालतं. संहिता, पार्श्वसंगीताच्या फायली, तालमींचे व्हिडिओ, आणि तालमीला कोण येणार, कोण दांडी मारणार याच्या गप्पा. हळूहळू शेजारच्या गावांतली मंडळंही त्यावर आली. मॅट्रिक्स या खुल्या चॅट-व्यवस्थेचा सिनॅप्स हा सर्व्हर-प्रोग्राम, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि खाली आठव्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला सेकंडहँड मिनी पीसी. फेडरेशन, म्हणजे बाहेरच्या मॅट्रिक्स सर्व्हरांशी जोडणी, बंद ठेवलंय, त्यामुळे बाहेरच्या अवाढव्य रूम्स येऊन रॅम खात नाहीत. व्हिडिओ भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचे तर जागेचं भाडं दर महिन्याला. घरी डिस्क एकदाच घेतली. मंडळाचा खजिनदार मीच, त्यामुळे या मुद्द्यावर फार चर्चा झाली नाही.

घरच्या फायबरला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटचा पत्ता, नाही. राउटरला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळतो, म्हणजे सीजीनॅट : कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. स्टॅटिक आयपीचे पैसे वेगळे. म्हणून मुंबईतला सगळ्यांत लहान व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेतला आणि वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रामने घर त्याला जोडलं. २०२० मधल्या ५.६ आवृत्तीपासून वायरगार्ड लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे, वेगळं मॉड्यूल लागत नाही. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा ठोका) २५ सेकंदांवर ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की नॅट वाट विसरतो आणि बाहेरून दार ठोठावणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही. व्हिडिओ चढत नसेल तर सिनॅप्सला शिव्या घालण्याआधी त्याच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स बघा. त्याची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा १ एमबी, सिनॅप्सची ५०. दोन्ही वाढवाव्या लागतात.

हे एकदा बसलं की बसलं. सॉफ्टवेअरबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही. आता विजेकडे.

मिनी पीसी, राउटर आणि फायबरचा ओएनटी (फायबरची तार घरात जिथे येते तो डबा) मिळून ३५ वॅटच्या आसपास ओढतात. खोक्यावर ३६० वॅट छापलंय, ते वाचून खूश होऊ नका. तो आकडा एका वेळी किती भार पेलेल याचा आहे, किती वेळ पेलेल याचा नाही. आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच शिसे-आम्ल बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. तेसुद्धा वीस तासांत निवांत रिकामी केली तर. तासाभरात ओढली की बरंच कमी मिळतं, वर इन्व्हर्टर आपला वाटा कापतो. नवा होता तेव्हा पाऊण तास मिळायचा. या किमतीत ठीक आहे, इथवर राग नाही.

जूनच्या पहिल्या वाऱ्यात माडाचं चुडत तारेवर पडतं आणि लाईट जाते. यात कोणाला दोष देण्यासारखं काही नाही, पावसाळ्यात हे होणारच. प्रश्न पुढचा आहे. लाईट गेली हे यूपीएसला कळतं, आईला कळतं, शेजाऱ्यांना कळतं. कळत नाही ते फक्त सर्व्हरला. यूएसबी असता तर नट नावाच्या प्रोग्रामने बॅटरी उतरत आल्याचं ओळखून सर्व्हर व्यवस्थित बंद केला असता. इथे बॅटरी संपते आणि पोस्टग्रेसच्या पायाखालची जमीन जाते.

या बाबतीत पोस्टग्रेसला मानलं. प्रत्येक बदल आधी वॅल नावाच्या नोंदवहीत लिहायचा, मग तक्त्यात, ही त्याची शिस्त. त्यामुळे लाईट आल्यावर लॉगमध्ये ‘नीट बंद झालो नव्हतो, दुरुस्ती चालू आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते आणि गाडी सुरू होते. एकदाही मेसेज गहाळ झाला नाही. तरी यावर विसंबू नये. स्वस्त एसएसडी ‘लिहिलं’ म्हणून सांगतात तेव्हा ते त्यांच्या तात्पुरत्या मेमरीतच असू शकतं, आणि वीज गेली की तेही गेलं.

मग जुगाड केला. यूपीएसवर नसलेल्या साध्या सॉकेटात एक वायफाय प्लग लावला. सर्व्हर दर मिनिटाला त्याला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारतो. सलग दहा मिनिटं उत्तर नाही म्हणजे लाईट गेली, सर्व्हर स्वतःहून बंद. छान वाटलं ना? मलाही वाटलं होतं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परत आली की सुरू हो’ हा पर्यायही चालू होता. पण सर्व्हर बंद झाला आणि बॅटरी संपायच्या आत लाईट परत आली, तर मिनी पीसीच्या दृष्टीने वीज गेलीच नाही. ॲडॉप्टरला करंट मिळतच होता. मग परत येणार काय आणि सुरू होणार काय! मी कारखान्यात, घरी लाईट चालू, पंखे चालू, आणि सर्व्हर संध्याकाळपर्यंत थंड. मंडळाचे दिग्दर्शक फोनवर : “बाब, दुसऱ्या अंकाची संहिता दिसत नाही.”

यूएसबीवाल्या यूपीएसला नट शेवटी सांगतो की आता आऊटपुटही तोड. लाईट आली की यूपीएस ते परत जोडतो आणि मशीन उठतं. एका पोर्टची किंमत ही आहे. माझ्याकडे तो नाही, म्हणून आरटीसीवेक, म्हणजे ठरल्या वेळी मशीन उठवणारी लिनक्सची आज्ञा, वापरला. बंद होताना सर्व्हर अर्ध्या तासानंतरचा गजर लावतो, उठून वायफाय प्लगला हाक मारतो, उत्तर नसेल तर पुन्हा गजर लावून झोपतो. बॅटरी पूर्ण संपलीच तर बायोसचा पर्याय आहेच. हे सध्या न कुरकुरता चालू आहे. पण दुकानदाराने वाचवलेले पैसे मी माझ्या रविवारांनी भरलेत.

बीपबद्दल. बॅटरीवर गेला की काही सेकंदांनी एक, संपत आली की सलग. रात्री दीड वाजता आई आतून म्हणाली, “अरे, त्या पोराला कोणीतरी घ्या रे.” बायकोने दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या छिद्रांवर जाड चिकटपट्टी लावली. या यूपीएसवर झालेलं हे एकमेव काम आहे जे पहिल्या फटक्यात जमलं.

ऑगस्टमध्ये बॅकअप पाऊण तासावरून चार-पाच मिनिटांवर आला. बॅटरी वॉरंटीत होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने झाकण उघडलं, टर्मिनलवरची पांढरी भुकटी दाखवली आणि म्हणाला, “बाब, आत ओलावा गेलाय. वॉरंटीत बसत नाही.” आषाढ-श्रावणात गोव्यात ओलावा न गेलेली एक वस्तू त्याने दाखवावी, मी नवा यूपीएस रोखीने घेतो. अर्ज, ईमेल, बिलाची झेरॉक्स, पुन्हा ईमेल. शेवटी “चवथीनंतर बघू”. चवथीनंतर कोणी बघितलं नाही.

खरं कारण ओलावा नसावा असं माझं मत. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी झाली आणि तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. उष्णताही मारते : २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि माझा यूपीएस मिनी पीसीच्या गरम फुंकरीसमोर होता. आता खालच्या फळीवर आहे.

बाजारातून तशीच १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आणली. जुनी परत दिली, शिशाच्या वजनाने थोडे पैसे सुटले. त्याचबरोबर एक गोष्ट केली जी पहिल्याच दिवशी करण्यासारखी आहे. राउटर आणि ओएनटी दोन्ही १२ व्होल्ट डीसीवर चालतात, ते छोट्या लिथियम मिनी यूपीएसवर टाकले. मोठ्या यूपीएसवर आता एकटा मिनी पीसी, १५ वॅटच्या आसपास. बॅकअप दुपटीच्याही वर गेला.

त्यामुळे मत थोडं बदलतो. लिहायला बसलो तेव्हा दोन तारे देणार होतो. हा बदल झाल्यापासून लहानसहान वीज-जा सर्व्हरच्या गावीही नसते, त्यामुळे यंत्राला तीन. सर्व्हिसला शून्यच.

आमच्यासारख्यांसाठी एक सूचना, यूपीएसशी संबंध नाही. डेटाबेसचा रोजचा बॅकअप सगळे रात्री दोनला लावतात. जत्रेचं नाटक पालखी आत गेल्यावर उशिरा सुरू होतं, आणि आमच्या सर्व्हरवर फोटो-व्हिडिओंचा पूर येतो तो नेमका तेव्हा. आमचा बॅकअप सकाळी अकराला चालतो, सगळे झोपलेले असतात.

पुढचा यूपीएस यूएसबीवालाच. प्रस्ताव मंडळाच्या बैठकीत मांडलाय, खजिनदाराने तूर्त जत्रेची सुपारी जमा होईपर्यंत थांबायला सांगितलंय.