मैला नेमका कुठे गेला? पोर्टेबल टॉयलेटच्या व्यवहारात झालेली आमची फसवणूक

माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिला उकिडवे बसता येत नाही, रात्रीतून दोनदा तरी उठावे लागते आणि अंधारात दगडधोंड्यांतून चालणे तिच्यासाठी धोक्याचे आहे. तरीही भंडारदऱ्याचे काजवे एकदा तरी डोळ्यांनी पाहावेत, ही तिची फार वर्षांची इच्छा होती. म्हणून मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या अखेरीस, मी, माझे यजमान, आमची मुलगी आणि आई असे चौघे नाशिकहून दोन रात्रींसाठी तंबूत राहायला गेलो आणि जाण्यापूर्वी आईसाठी एक पोर्टेबल टॉयलेट विकत घेतले. या एका वस्तूपायी आमची तीनदा फसवणूक झाली: दोनदा विक्रेत्याकडून आणि एकदा कॅम्पचालकाकडून. विक्रेत्याने केवळ आमचे पैसे घेतले. कॅम्पचालकाने मात्र आमचा मैला, आमच्याकडूनच पैसे घेऊन, दुसऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याशेजारी ओतला, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

या टॉयलेटची रचना साधी असते. वरच्या भागात बैठक आणि स्वच्छ पाण्याची टाकी, खालच्या भागात मैल्याची टाकी, आणि दोहोंच्या मध्ये हाताने ओढायची एक सरकती झडप. झडपेभोवती रबरी सील असते. वापर झाल्यावर झडप उघडायची, हातपंपाने थोडे पाणी सोडायचे आणि झडप पुन्हा बंद करायची. रिकामे करताना दोन्ही भाग कडी सोडून वेगळे करता येतात आणि खालच्या टाकीला ओतण्यासाठी फिरणारी तोटी असते.

विक्रेत्याने आम्हाला हे टॉयलेट ‘20 लीटरचे’ म्हणून 8,900 रुपयांना दिले. खोक्यावरही 20 हा आकडा ठळक छापलेला होता. घरी आल्यावर मी एक लीटरच्या बाटलीने मोजून पाणी भरले, तेव्हा वरच्या टाकीत 10 आणि खालच्या टाकीत 10 लीटर पाणी मावले. दोन टाक्यांची बेरीज करून तो आकडा सांगितलेला होता, आणि आपल्याला उपयोगाची असते ती फक्त खालची टाकी. विक्रेत्याला दूरध्वनी केला, तर ‘सगळ्या कंपन्या असेच मोजतात’ असे उत्तर मिळाले. ते खरे नाही, कारण नंतर मी इतर दोन दुकानांत पाहिलेल्या टॉयलेटांवर दोन्ही टाक्यांची क्षमता स्वतंत्रपणे लिहिलेली होती.

हा फरक किती मोठा आहे, हे एका हिशेबावरून कळेल. प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण एक ते दोन लीटर लघवी होते. दिवसातून पाच-सहा वेळा वापर आणि दर वेळी पाव लीटर पाणी धरले, तर एका माणसामागे तीन लीटरच्या आसपास भर पडते, म्हणजे चौघांसाठी दिवसाला 10 ते 12 लीटर. शिवाय टाकी काठोकाठ भरून चालत नाही. पाऊण भरली की ती रिकामी करावी, नाहीतर झडप उघडताना मैला वर येतो. आमची टाकी त्यामुळे एक दिवसही पुरणार नव्हती. खरी 20 लीटरची टाकी असती तर ती दीड दिवस टिकली असती, पण भरल्यावर तिचे वजन 20 किलोंहून अधिक झाले असते, आणि ते कोण उचलणार, याचाही विचार घेतानाच करावा लागतो.

दुसरी फसवणूक द्रवाची. मैल्याच्या टाकीत वास मारण्यासाठी टाकायचा द्रव विक्रेत्याने ‘पूर्ण जैविक’ म्हणून 750 रुपयांना दिला होता. बाटलीवर हिरवे पान आणि दुकानाचे स्वतःचे लेबल होते. घटक कोठेही लिहिलेले नव्हते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. झाकण उघडताच डोळ्यांत पाणी आणणारा तो वास मला अनोळखी नव्हता, कारण प्रयोगशाळेत नमुने ज्या फॉर्मालिनमध्ये, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातील द्रावणात, ठेवलेले असतात, त्याचाच तो होता. मूळ कॅनच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागितल्यावर पुष्कळ टाळाटाळीनंतर ते मिळाले, आणि घटकांमध्ये फॉर्माल्डिहाइडचे नाव स्पष्ट होते.

फॉर्माल्डिहाइड जिवाणू मारते, म्हणून वास थांबतो. परंतु ज्या सेप्टिक टँकमध्ये असा मैला जातो, तेथील जिवाणूही ते मारते, आणि मैला कुजवण्याचे सगळे काम त्या जिवाणूंवरच चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ते मोरीत ओतून टाकणे मला योग्य वाटले नाही. बाटली दुकानात परत दिली आणि बरीच वादावादी केल्यावर 750 रुपये परत मिळाले. ज्यांना द्रव वापरायचा असेल त्यांनी विकरांवर (एन्झाइमांवर) आधारलेला, घटक छापलेला आणि मूळ बाटलीत सीलबंद असलेलाच घ्यावा. आम्ही द्रवाशिवायच गेलो. झडप नीट बंद ठेवली तर दोन दिवसांचा वास सहन होण्याजोगा असतो.

आता तिसरी गोष्ट. तंबूंची जागा ठरवतानाच मी कॅम्पचालकाला विचारले होते की आमची टाकी कोठे रिकामी करता येईल. ‘आमच्याकडे पक्का सेप्टिक टँक आहे, तुम्ही हातही लावू नका, माणूस नेऊन साफ करून आणील,’ असे त्यांनी सांगितले आणि त्यासाठी 500 रुपये वेगळे घेतले. पावतीवर त्यांनी ‘सुविधा शुल्क’ एवढेच लिहिले. त्या शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही, ही माझी चूक नंतर आम्हाला भोवली.

पहिल्या रात्री आईने सादड्याच्या झाडावर लुकलुकणारे काजवे तासभर पाहिले, आणि तिच्या आनंदात आम्ही बाकीचे सगळे विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरली. तेथे कामाला असलेला तरुण ती घेऊन गेला आणि दहा मिनिटांत धुऊन परत आणली. संध्याकाळी तो पुन्हा टाकी घेऊन गेला, तेव्हा मी आणलेले रबरी हातमोजे त्याला द्यायचे राहिले म्हणून मी त्याच्या मागून गेले. तंबूंच्या पलीकडे उताराला, पाण्यापासून तीसेक पावलांवर, कुदळीने खणलेला एक उघडा खड्डा होता. त्याला ना विटांचे बांधकाम होते, ना झाकण, ना वायुनळी. त्याने मैला त्यात ओतला, आणि मग जलाशयाच्या काठाशी जाऊन टाकी त्या पाण्यात विसळली.

मी त्याला विचारले, “दादा, सेप्टिक टँक कुठे आहे?” तो मुळीच गडबडला नाही. “हाच की ताई. मालक इथंच ओतायला सांगतात. पावसाळ्यात पाणी इथवर येतं, सगळं वाहून जातं.”

त्याच्या बोलण्याचा अर्थ लक्षात यायला मला क्षणभर लागला. भंडारदऱ्याचा आर्थर जलाशय 1926 मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेल्या प्रवरेचा आहे. उन्हाळ्यात पाणी खाली उतरते आणि भेगाळलेली मोठी जमीन उघडी पडते. आमचे तंबू आणि तो खड्डा याच जमिनीवर होते. जुन्या पाण्याची रेषा, वाळक्या काटक्यांच्या ओळीच्या रूपाने, आमच्या तंबूंच्याही बरीच वर दिसत होती. म्हणजे हंगामभर त्या कॅम्पवर येणाऱ्यांचा मैला ज्या खड्ड्यात साठत होता, तो पावसाळ्यात जलाशयाचा तळ होणार होता. हेच पाणी पुढे निळवंडे धरणात, आणि तेथून अकोले, संगमनेरकडे जाते. विषमज्वर, कावीळ, जुलाब हे आजार पाण्यातून कसे पसरतात, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. आणि तो तरुण हे काम उघड्या हातांनी करत होता, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले.

कॅम्पचालकाचे म्हणणे होते की टॉयलेट आमचे, मैलाही आमचा, आणि पावतीत सेप्टिक टँकचा उल्लेख नाही. 500 रुपये परत मिळाले नाहीत. त्या रात्रीनंतर भरलेली टाकी आम्ही त्यांच्या हाती दिली नाही. झडप घट्ट बंद करून, टाकी उभी राहील अशी गाडीत जुन्या चादरीत बांधून, आम्ही ती सुमारे 70 किलोमीटर अंतर कापून नाशिकला घरी आणली.

हे काम वाटते तितके अवघड नाही, फक्त त्याची रीत माहीत असावी लागते. उन्हात तापलेल्या टाकीत वायूचा दाब वाढतो, म्हणून तोटीचे झाकण आधी थोडेसे सैल करून दाब जाऊ द्यावा आणि तोंड दूर ठेवावे. मैला घराच्या कमोडमध्येच ओतावा. मोरीत, पावसाळी गटारीत किंवा नाल्यात कधीही नाही. ओतताना टाकीवरचे हवेचे बटण दाबून धरले तर मैला गचके न खाता सावकाश पडतो आणि शिंतोडे उडत नाहीत. ओले टिश्यू टाकीत मुळातच टाकू नयेत, कारण त्यातील बऱ्याच टिश्यूंत प्लॅस्टिकचे धागे असतात आणि ते कुजत नाहीत. शेवटी दोन-तीन लीटर पाण्याने टाकी विसळून तेही पाणी कमोडमध्येच टाकावे. आमचे घर भूमिगत गटार योजनेला जोडलेले आहे. ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे, त्यांनाही हे करता येते, मात्र फॉर्माल्डिहाइड वापरले नसेल तरच.

कॅम्पवर कोणी सेप्टिक टँक आहे असे सांगितले, तर पैसे देण्यापूर्वी तो स्वतः जाऊन पाहावा. खरा सेप्टिक टँक बांधीव आणि बंदिस्त असतो, त्यावर झाकणे व वायुनळी असते आणि बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जाते. दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो, म्हणून मैला उपसणाऱ्या गाडीची शेवटची पावती दाखवा असे नि:संकोचपणे म्हणावे आणि ती गाडी मैला कोठे रिकामा करते, हेही विचारावे. आमच्याच जिल्ह्यात सिन्नरला अशा मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र आहे, त्यामुळे ‘सोयच नाही’ हे उत्तर मला मान्य नाही. पावतीवर ‘मैला विल्हेवाट’ हेच शब्द लिहून घ्यावेत.

विक्रेत्याविरुद्ध मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. खोक्याची, मोजलेल्या पाण्याची आणि बिलाची छायाचित्रे जपून ठेवली होती, त्यांचा उपयोग झाला. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, एवढे लक्षात ठेवावे. कॅम्पविषयी ग्रामपंचायतीला खड्ड्याच्या छायाचित्रांसह लेखी अर्ज देऊन पोहोच घेतली आहे. 1974 च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या कलम 24 प्रमाणे जलाशयात किंवा विहिरीत दूषित पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे, आणि त्या कलमाचा उल्लेख मी अर्जात केला आहे. त्या तरुणाविषयी अर्जात एक अक्षरही लिहिलेले नाही, कारण त्याने एकट्यानेच आम्हाला खरे सांगितले होते.

ऑगस्टच्या उत्तरार्धात यजमानांचे त्या बाजूला काम निघाले म्हणून मीही सोबत गेले. धरण भरलेले होते. आमचे तंबू जेथे होते त्या जागेवर पाणी होते, आणि खड्डा कोणत्या बाजूला होता, हे काठावर उभे राहून मला सांगता आले नाही.